एक तास एकवीस मिनिटं

मंगळवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी पंख्याखाली बसून पायाच्या नखांना हिरवा रंग लावत होते आणि तोंडाने शनिवारच्या सभेचं भाषण घोकत होते, तेवढ्यात टेकडीच्या वरच्या अंगाने आवाज आला. "आली!" बस, एवढंच, एकदाच. ब्रश घसरला आणि करंगळीवर हिरवा ओघळ आला. आवाज दोन्या एर्मिनियाचा होता (दोन्या म्हणजे आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने म्हणतात ते), अगदी वरच्या टोकाच्या, तेविसाव्या घरातल्या. मला आधी हसूच आलं. काय आली? कोण आली? पंखा फिरत होता, फ्रीज गुरगुरत होता, मायक्रोवेव्हवरचं घड्याळ शहाण्यासारखं पाच वाजून सात मिनिटं दाखवत होतं. आणि मग एकदम लक्षात आलं. लाईट आली होती. म्हणजे लाईट गेली होती. कधी? सकाळी? मी शाळेत असताना? मी घरी येऊन टीव्ही लावला तेव्हा? मला काहीच माहीत नव्हतं. मी, जी या टेकडीवरच्या विजेची तज्ज्ञ, जिला जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं, जिच्याबद्दल पप्पा सगळ्यांना सांगायचे की हिच्या तोंडाला वेगळी बॅटरी आहे, ती उतरतच नाही! मी खिडकीत जाऊन उभी राहिले. खाली आमच्या बेटावरचं पोन्से शहर, त्याच्या पलीकडे समुद्राची पांढरी रेघ, आणि आमच्या लोमा सेका टेकडीच्या पायऱ्यांवर चिटपाखरू नाही. कुणीच त्या आवाजाला उत्तर दिलं नव्हतं. मीही दिलं नाही. तो आवाज तसाच राहिला, दारावर थाप मारून उभ्या असलेल्या माणसासारखा, आणि मला उगीचच वाटलं की आता आपण श्वाससुद्धा हळू घ्यावा, नाहीतर आपण घरात आहोत हे कळेल.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी लाईट गेली की तेवीस घरांतून एकच "हाऽऽय!" निघायचं, आणि आली की तेवीस घरांतून "आलीऽऽ!", इतक्या जोरात की खालच्या रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागायची. दारं उघडायची. आत उकाड्यात बसवत नसे, म्हणून सगळे पायऱ्यांवर. चेओ न्हावी डॉमिनोचं टेबल बाहेर आणायचा आणि सोंगट्या अशा आपटायचा की जणू टेबलावर त्याचा जुना राग आहे. दोन्या एर्मिनियाच्या फ्रीझरमधला लिंबेर, म्हणजे प्लास्टिकच्या पेल्यात गोठवलेला नारळाचा बर्फ, वितळायच्या आत संपवावा लागायचा, म्हणून ती पेले भरलेला ट्रे घेऊन वरून खाली यायची. "खा रे, खा, सरकारी खर्चाने खा!" आणि मम्मी माझ्या मागच्या पायरीवर बसून माझी वेणी घालायची. अंधारात. बोटांनी चाचपून भांग पाडायची, आणि तो नेहमी वाकडा पडायचा, आणि आम्ही दोघी सकाळी आरशात बघून हसायचो. मी हे कुणाला कधी सांगितलेलं नाही, कारण त्या अंधाराबद्दल चांगलं बोलायची आमच्याकडे पद्धतच नाही. वादळानंतरचे बिनविजेचे ते सात महिने सगळ्यांच्या अंगात मुरलेत. मेणबत्तीचा वास आला तरी पप्पा उठून बाहेर जातात. पण मला विचाराल तर मम्मीच्या मांडीचा उबदार भाग माझ्या पाठीला नेमका कुठे लागायचा हे मी आजही बोट ठेवून दाखवेन.

मग छतांवर सौर पॅनेल आले. पप्पांनीच बसवले, एकेक छत करत, दीड वर्षात बावीस घरांवर. प्रत्येक घराला आपला सूर्य, आपली बॅटरी. वीज कंपनीची तार वरून जातेच, पण ती मेली काय नि जगली काय, बॅटरी डोळ्याची पापणी लवायच्या आत सांभाळून घेते. दिवा लुकलुकतसुद्धा नाही. तेविसाव्या घराचं छत पत्र्याचं, खाली लाकडी वासे, वाळवीने पोखरलेले. पप्पा वर चढले, एक पाय ठेवला आणि तसेच खाली आले. "हे वजन घेणार नाही, दोन्या. पुढे सगळी घरं एका तारेने जोडू, तेव्हा तुम्हाला सगळ्यांकडून मिळेल." ती म्हणाली, "तोवर मी आहे तशी बरी आहे, एद्विन. मला काय, एक फ्रीज आणि एक रेडिओ." पॅनेल बसल्यावर चार महिन्यांनी मम्मी समुद्रापलीकडे ऑर्लँडोला गेली, तिथल्या वृद्धाश्रमात कामाला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पप्पा म्हणतात, आणि खरंच नाही. पण माझ्या डोक्यात ते एकाच खणात पडलंय. दारं बंद झाली, घरं उजळली, प्रत्येक घरात थंड हवेचं यंत्र आलं, आणि थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून दारं आणखी घट्ट बंद झाली. मम्मी रोज फोनवर दिसते. तिच्या चेहऱ्यावर पांढरा झगझगीत उजेड असतो. "केस का मोकळे, लिसमारी?" ती विचारते. मी म्हणते, "फॅशन आहे."

आणि माझं पहिलं बक्षीस कशाला मिळालं होतं? याच सगळ्याला! आमच्या भौतिकशास्त्राच्या बाई, मिसी ओदालिस, टेकड्यांवरच्या वीज सहकारी संस्थेच्या चिटणीसही आहेत. त्यांनी वर्गात विचारलं होतं की तुमच्या वस्तीची वीज किती भरवशाची आहे हे मोजणार कोण? आणि मी, जी नववीपर्यंत वर्गात पाणी मागायलाही लाजायची, मी हात वर केला. तो हात वर करतानाचा काखेतला गार वारा मला अजून आठवतो. तिथून मी सुटलेच. रीत सोपी आहे. प्रत्येक घरात महिन्यात किती वेळ अंधार झाला ते लिहायचं, सगळं मिळवायचं, घरांच्या संख्येने भागायचं. पॅनेलच्या आधीच्या मार्चमध्ये उत्तर होतं, घरामागे नऊ तास. यंदाच्या फेब्रुवारीत उत्तर आलं, एक तास एकवीस मिनिटं. नऊवरून एक-एकवीस! मी कागदावर त्याचा आलेख काढला, एक लाल खांब आणि एक हिरवा खांब. परीक्षकांनी हात मिळवला. पप्पांनी तो कागद फ्रीजवर चिकटवला, आणि दूध काढायला गेले तरी त्याच्याकडे बघायचे.

त्या मंगळवारी, नखं अर्धी रंगवलेली, मी लॅपटॉप उघडला. तक्त्यात वरून खाली बावीस ओळी, आणि बावीस शून्यं. तेविसाव्या ओळीत आठ, सहा, दहा, सात. चार रविवारचे चार आकडे. बेरीज एकतीस. मी स्वतः टाइप केले होते. मी दर रविवारी वही घेऊन पायऱ्या चढत गेले होते, ती दारात उभी राहून सांगायची, "या आठवड्यात आठ तास, पोरी," आणि मी आठ लिहायचे, "थँक्यू, दोन्या!" म्हणायचे आणि उड्या मारत खाली यायचे. एकतीसला तेविसाने भागलं की एक तास एकवीस मिनिटं. बक्षीस मिळालेला तो सुंदर आकडा टेकडीवर कुणाच्याच घरात नव्हता. तो सगळाच्या सगळा तिचा होता, आम्ही फक्त तो वाटून घेतल्यासारखं दाखवलं होतं. आणि पूर्वी? पूर्वी ती आमच्यासारखीच नऊ तास अंधारात असायची. नऊचे एकतीस कसे झाले? तार तीच, कंपनी तीच. मी पलंगावर आडवी पडून छताकडे बघत राहिले, आणि मग ते इतकं सोपं निघालं की मी उठून बसले. लाईट गेली की पूर्वी तेवीस घरांतून कंपनीला फोन जायचे. रागारागाने, शिव्या देत, एकापाठोपाठ एक. मग गाडी यायची. आता आमचं जातच नाही, आम्ही कशाला फोन करू? आता एकच फोन जातो.

बुधवारी शाळेतून मी थेट वर गेले. ती दारात खुर्ची टाकून वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. "अगं बाई, बक्षीसवाली! आज रविवार आहे का? की माझं कॅलेंडरही बंद पडलं?" मी म्हटलं, नाही, सहज आले. "सहज कुणी एवढ्या पायऱ्या चढत नाही. बस." मी लिंबेर मागितला, म्हणजे मला काहीतरी मागायचं होतं म्हणून. ती हसली आणि मला आत नेऊन फ्रीझरचं झाकण उघडून दाखवलं. आत तांदळाचं पोतं, साखर, एका पिशवीत गुंडाळलेले चांगले बूट. "उंदीर लागत नाही यात. मस्त कपाट झालंय. लिंबेर काय करणार, दर दोन दिवसांनी सूप होतं त्याचं."

"काल लाईट कधी गेली होती?"

"सकाळी नऊला."

"फोन केलात?"

"केला की! तिथे आता बाई नसते, यंत्र असतं. ते म्हणालं, तुमच्या भागातून कसलीही तक्रार नाही. मी म्हटलं, अगं भवाने, मग मी काय करतेय, गाणं म्हणतेय?"

मला हसू आलं. मी विचारलं, "तुम्ही आम्हाला का नाही सांगितलंत?" तिने शेंग मोडली, दाणे वाडग्यात पाडले. "सांगत होते की. दर रविवारी. तू लिहून घेत होतीस." रागाने नाही. बाजारभाव सांगावा तशी. मग तिने पुढची शेंग उचलली. "आणि सांगायचं कसं असतं ते मला माहीतही नाही, पोरी. पूर्वी कोण कुणाला सांगत होतं? गेली की सगळ्यांची जायची." पत्र्यावर ऊन तडतडत होतं. मी म्हटलं, काल तुम्ही ओरडलात ते मी ऐकलं. ती एकदम लाजली, सत्तरीची बाई, शाळेतल्या मुलीसारखी मान खाली घालून. "ऐकू आलं का? अगं, सवय. तोंडातून निघून गेलं. मग मलाच बाई कसंतरी झालं, एकटीच ओरडतेय वेड्यासारखी." तिच्या मुलाने ॲलनटाउनला बोलावलंय हे तिने मग सांगितलं. तिकडे बर्फ पडतो, तिला घरात वेगळी खोली आहे, खोलीला गालिचा आहे. "शनिवारी ती घरं जोडायची तार मंजूर झाली तर राहीन. नाही तर जाईन. त्याला मी असंच सांगितलंय. गालिच्यावर मी काय करणार, सांग बरं? केर कसा काढायचा?"

बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी एक विचित्र गोष्ट करत होते. घरात असले की कान टवकारून बसायचे. तार मेली की काहीतरी फरक पडत असेलच, एखादी गुणगुण थांबत असेल, भिंतीतल्या भिंतीत काही सैल पडत असेल. काही नाही. फ्रीज गुरगुरत राहायचा. पप्पांनी किती सफाईने काम केलं होतं! मी जेवताना त्यांच्या हातांकडे बघायचे, अंगठ्यावरचा तारेने कापल्याचा व्रण, आणि मला वाटायचं की शनिवारी मी जे बोलणार आहे ते या हातांना लागेल. "भाषण पाठ झालं का?" ते विचारायचे. "झालं," मी म्हणायचे. मम्मीला फोनवर सांगावंसं वाटलं, पण तिची कामाची वेळ होत आली होती आणि ती एका हाताने गणवेशाची बटणं लावत होती. मी म्हटलं, सगळं मस्त. पडदा काळा झाला आणि त्यात माझाच चेहरा दिसायला लागला.

शनिवारी सहकारी संस्थेच्या सभेसाठी बास्केटबॉलच्या मैदानावर खुर्च्या मांडल्या होत्या. मिसी ओदालिसनी फळ्यावर पाच वस्त्यांची नावं आणि त्यांचे आकडे लिहिले होते. घरं एकमेकांना जोडणारी तार यंदा एकाच वस्तीला मिळणार होती, ज्या वस्तीचा आकडा सगळ्यात वाईट तिला. लोमा सेकाचा आकडा सगळ्यात चांगला होता. सगळ्यात वर एल बाहो, घरामागे बारा तास. मला टाळ्या वाजवून बोलावलं गेलं. चेओ ओरडला, "पोरी, थोडक्यात हं, मला तीन वाजता गिऱ्हाईक आहे आणि त्याला केसही नाहीत!" सगळे हसले. मी त्या हिरव्या खांबाची प्रत वर धरली आणि पाठ केलेलं भाषण तोंडात आलंच नाही. मी म्हटलं, "एक तास एकवीस मिनिटं हा आकडा खोटा नाही, पण तो कुणाचाच नाही. आपल्यापैकी बावीस घरांत एक मिनिटही अंधार नव्हता. एका घरात एकतीस तास होता. पॅनेलच्या आधी त्या घरात नऊ होता. आपण फोन करायचं थांबवलं म्हणून तो वाढला. मी हे दर रविवारी लिहून घेत होते आणि मला दिसलं नाही." माझा आवाज मैदानावर इतका मोठा वाटला की मला त्याची लाज वाटली. दोन्या एर्मिनिया तिसऱ्या रांगेत मांडीवर पर्स ठेवून ताठ बसली होती. मी तिचं नाव घेतलं नव्हतं. पण टेकडीवर पत्र्याचं घर एकच, आणि सगळ्या माना वळल्या. तिने पर्सचा चाप उघडला आणि मिटला, पुन्हा उघडला.

मग चेओ उठला. तो वाईट माणूस नाही, हे मला सांगायलाच हवं. त्याचे डोळे खरंच भरून आले होते. "दोन्या, अहो, माझं घर तुमच्या शेजारी! एक शब्द टाकायचा होता! आज संध्याकाळी माझ्या खिडकीतून लांब वायर टाकतो, सरळ तुमच्या फ्रीजला. संपलं!" टाळ्या. मोठ्या, सुटल्यासारख्या टाळ्या. कुणीतरी म्हणालं, आपली माणसं अशीच! मी म्हणत होते, "पण मिसी, वस्तीचा आकडा म्हणून एकतीस लिहायला हवा, सगळ्यात वाईट घर—" आणि मिसी ओदालिस माझ्या खांद्यावर हात ठेवून, खरंच मायेने, म्हणाल्या, "मुली, तुझा मुद्दा अगदी बरोबर आहे. मी तो टिपणात घालते. पण आता प्रश्न सुटला ना? आणि एल बाहोकडे बघ." एल बाहोची माणसं मागच्या रांगेत बसली होती, एका बाईच्या मांडीवर झोपलेलं मूल, तिच्या हातात वर्तमानपत्राचा पंखा. त्यांचा अंधारही खराच होता. हात वर करायची वेळ आली तेव्हा मी माझा हात वर केला की नाही हे मला आठवत नाही. बहुतेक केला. तार एल बाहोला गेली. लोक येऊन मला मिठी मारत होते, काय बोललीस गं, डोळ्यांत पाणी आलं, आणि प्रत्येक मिठीबरोबर मी बोललेलं लहान लहान होत गेलं. शेवटी त्याचं एका वायरीएवढं काहीतरी उरलं. घरी येताना पप्पा पायऱ्यांवर थांबले. "मी बसवायला नको होते का ते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही पप्पा, तसं नाही." त्यांनी मान हलवली. फ्रीजवरचा कागद त्यांनी काढला नाही. पण दूध काढताना आता ते दुसरीकडे बघतात.

केशरी वायर नऊ दिवस होती. चेओच्या खिडकीतून, आंब्याच्या फांदीवरून, तिच्या स्वयंपाकघरात. पहिल्या दिवशी तिने लिंबेर केला आणि ट्रे घेऊन खाली आली. पण दारं बंद होती, प्रत्येक घराची बेल वाजवावी लागली, आणि लोक "अय्या, किती गोड!" म्हणून पेला घेऊन आत जात होते, थंड हवा जायला नको म्हणून चटकन दार लोटत. आमच्या दाराशी ती आली तेव्हा ट्रेमध्ये अजून अर्ध्याहून जास्त पेले होते. मी तिच्याबरोबर पायरीवर बसून तीन खाल्ले, दात ठणकेपर्यंत. दहाव्या दिवशी वायर गुंडाळून, तिला चिंधीची गाठ मारून, तिने ती चेओच्या दारात ठेवली. "त्याची बायको रोज विचारते, दोन्या, सगळं चालू आहे ना? फार चांगली आहे. पण मला रोज आधी कपडे बदलून, केस विंचरून उत्तर द्यायला लागतं," ती मला म्हणाली. "दुसऱ्याच्या खिडकीतून आलेल्या विजेवर झोप लागत नाही गं. रात्रभर वाटतं, आपण हळू बोलावं." मी म्हटलं, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा अर्ज आहे, मी नीट लिहीन, मी सगळं नीट लिहीन. तिने माझे मोकळे केस कानामागे सारले, एकदा, आणि हात काढून घेतला. "तू हुशार आहेस. पण मार्च लांब आहे." ॲलनटाउनला जायला तिला विमानतळावर पप्पांनी गाडीने सोडलं. माझी त्या दिवशी गणिताची परीक्षा होती. तिचं मीटर कंपनीने त्याच आठवड्यात येऊन काढून नेलं, आणि त्यासाठी मात्र एकच फोन पुरला.

काल महिनाअखेर होती. मिसी ओदालिसना आकडा हवा होता. मी तक्ता उघडला. बावीस ओळी, बावीस शून्यं, आणि खाली तेविसावी ओळ, जिच्यात काय भरायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मिसींनी फोनवर सांगितलं, "घर बंद आहे, ओळ काढून टाक. आणि अगं, कळलं का तुला, पूर्ण शून्य! सगळ्या टेकड्यांत पहिल्यांदा!" पप्पा शेजारच्या खोलीत टीव्हीसमोर झोपले होते आणि त्यातली माणसं त्यांच्यासाठी हसत होती. मी ओळ काढली आणि बावीसने भागलं. मग ओळ परत घातली, तिचा रकाना रिकामा ठेवला, आणि तेविसाने भागलं. मग पुन्हा बावीसने. बराच वेळ मी तेच करत बसले. उत्तर काही बदलत नव्हतं.